तक्ता कुठला बघितलात? मल्टिलेयर स्विच समजून घेताना

पुण्या-ठाण्याहून नेटवर्कची नोकरी घेऊन इंग्लंडला येणाऱ्या आपल्या बऱ्याच मुलामुलींच्या वाट्याला लंडन येत नाही, स्लाऊ येतं. पॅडिंग्टनला एलिझाबेथ लाइन पकडायची, बर्नहॅमला उतरायचं आणि बिनखिडक्यांच्या लांबलचक इमारतींच्या दिशेने चालू लागायचं. ही स्लाऊ ट्रेडिंग इस्टेट. पहिल्या महायुद्धातल्या लष्करी वाहनांच्या दुरुस्तीचं आगार होतं त्या जागेवर १९२० साली ती उभी राहिली. मार्स चॉकलेटचा कारखाना इथे १९३२ पासून आहे. आता त्याच वसाहतीत इक्विनिक्स, व्हर्टस अशा कंपन्यांची डेटा सेंटर दाटीवाटीने उभी आहेत. वसाहतीचं स्वतःचं वीजकेंद्र, १९९५ पासून बांधकाम परवानगीची सोपी केलेली पद्धत आणि लंडन तीसेक किलोमीटरवर, एवढं असल्यावर डेटा सेंटरवाले दुसरीकडे कशाला जातील? ऐरोली-महापे पट्ट्यात काम केलेल्याला इथे फारसं परकं वाटणार नाही. रॅक तेच, पंख्यांचा आवाज तोच, आणि मुलाखतीतला प्रश्नही तोच: लेयर टू स्विच आणि लेयर थ्री स्विच यांत फरक काय?

उत्तर सगळ्यांना पाठ असतं. लेयर टू मॅक पत्ता बघतो, लेयर थ्री आयपी पत्ता बघतो, मल्टिलेयर स्विच दोन्ही बघतो. उत्तर बरोबर आहे, मार्कही मिळतात. पण रात्री दोन वाजता चेंज विंडोमध्ये एक सर्व्हर सापडत नसेल तेव्हा या वाक्याचा काडीचा उपयोग होत नाही. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की थर परीक्षेपुरते ठेवा आणि कामासाठी तक्ते ओळखा. मल्टिलेयर स्विच हे मुळात चार-पाच तक्त्यांचं यंत्र आहे. पॅकेट आत आलं की कुठल्या तक्त्यावरून त्याचा निकाल लागतो, तो तक्ता कोण भरतं आणि तो शिळा कधी होतो, हे ज्याला सांगता येतं त्याला मल्टिलेयर स्विच समजला.

एका पॅकेटचा प्रवास

नमनाला घडाभर तेल नको, एक पॅकेट पाठवूनच बघू. व्हीलॅन १० मध्ये एक लॅपटॉप आहे, पत्ता १९२.१६८.१०.२५. व्हीलॅन २० मध्ये सर्व्हर आहे, पत्ता १९२.१६८.२०.४०. दोघांचा मास्क २४ बिटांचा. दोघंही एकाच मल्टिलेयर स्विचला जोडलेले आणि स्विचवर दोन्ही व्हीलॅनचे एसव्हीआय आहेत, म्हणजे व्हीलॅनच्या नावाने बनवलेले आभासी इंटरफेस. त्यांचे पत्ते १०.१ आणि २०.१ ने संपणारे. लॅपटॉपचा गेटवे अर्थात १९२.१६८.१०.१.

लॅपटॉप आधी मास्क लावून बघतो. सर्व्हर आपल्या नेटवर्कात नाही, म्हणजे पॅकेट गेटवेकडे द्यायचं. गेटवेचा मॅक पत्ता तो आर्पने विचारून घेतो. आता जी फ्रेम निघते ती नीट बघा, कारण घोडं इथेच पेंड खातं. फ्रेमवरचा मॅक पत्ता स्विचचा आहे, आतला आयपी पत्ता सर्व्हरचा आहे. घरी आलेलं टपाल वॉचमनच्या नावाने यावं आणि आत तुमच्या फ्लॅटचा नंबर असावा, तसं.

फ्रेम आली की स्विच पहिला प्रश्न विचारतो: हा मॅक पत्ता माझा आहे का? नसेल तर काम लेयर टूचं. मॅक तक्ता बघायचा, पोर्ट शोधायचा, फ्रेम जशीच्या तशी सोडून द्यायची. पत्ता स्विचचाच असेल तर मात्र आतलं पॅकेट उघडून आयपी पत्ता वाचला जातो. स्विच लेयर टू म्हणून वागणार की लेयर थ्री म्हणून, हे कॉन्फिगरेशनचं पान ठरवत नाही. प्रत्येक फ्रेमगणिक या एका प्रश्नाने ते ठरतं. स्विचवर व्हीलॅनांमध्ये राउटिंग का होत नाही, असं विचारत कोणी आलं की मी आधी लॅपटॉपचा गेटवे बघायला सांगते. गेटवे चुकीचा असेल तर फ्रेम स्विचच्या मॅकवर येतच नाही, मग पुढचं सगळं व्यर्थ.

आयपी पत्ता वाचल्यावर तो फिब नावाच्या तक्त्यात शोधला जातो. सर्वांत लांब जुळणारा रूट जिंकतो. इथे १९२.१६८.२०.० हे नेटवर्क थेट जोडलेलं आहे, असं उत्तर मिळतं. फिबला चिकटून अ‍ॅडजसन्सीचा तक्ता असतो. पुढच्या मुक्कामाचा मॅक पत्ता तिथे तयार लिहून ठेवलेला असतो आणि तो आर्पमधून आलेला असतो. मग फ्रेमवर नवे पत्ते चढतात. पाठवणारा म्हणून स्विचचा मॅक, घेणारा म्हणून सर्व्हरचा मॅक. टीटीएल एकाने कमी होतो, ६४ चा ६३. आयपी हेडरचा चेकसम नव्याने काढला जातो. आयपी पत्ते दोन्हीही तसेच राहतात. शेवटी व्हीलॅन २० च्या मॅक तक्त्यात सर्व्हरचा पोर्ट सापडतो आणि फ्रेम बाहेर पडते. हे सगळं चालू असतानाच समांतरपणे एसीएलचा तक्ता बघितला जातो. परवानगी नसेल तर पॅकेट तिथेच संपतं.

म्हणजे एका साध्या पॅकेटला एसीएल, फिब, अ‍ॅडजसन्सी आणि मॅक असे चार तक्ते लागले. आर्पचा तक्ता मागे उभा राहून अ‍ॅडजसन्सीला माल पुरवतो. सिस्कोच्या स्विचवर शो आयपी रूट, शो आयपी सेफ (ही फिब दाखवते), शो आयपी आर्प आणि शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल या चार आज्ञा याच क्रमाने द्यायची सवय लावा. निम्मी तिकिटं इथेच मिटतात.

एवढा खटाटोप कशाला?

राउटर हेच काम करतच होता, मग स्विचमध्ये ते कोंबायची गरज काय? गणित करून बघा. १० गिगाबिटच्या एका पोर्टवर ६४ बाइटच्या लहानात लहान फ्रेम ओसंडून येऊ लागल्या तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजारांच्या आसपास फ्रेम येतात. म्हणजे प्रत्येकीच्या निर्णयाला सुमारे ६७ नॅनोसेकंद. आणि असे ४८ पोर्ट. साधा प्रोसेसर प्रत्येक पॅकेटसाठी स्मृतीत रूट शोधायला बसला तर कधीच पुरा पडणार नाही. म्हणून निर्णय एसिक चिपवर जातो आणि चिपला विचार करता येत नसल्यामुळे तिला आयते तक्ते द्यावे लागतात.

इथवर यायला वेळ लागला. पहिला इथरनेट स्विच १९९० साली कल्पना नावाच्या कंपनीने आणला. विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने लॅरी ब्लेअर यांच्यासोबत ती काढली होती आणि तिला आपल्या पत्नीचं नाव दिलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. तो स्विच निव्वळ लेयर टूचा. पुढे कॅटॅलिस्ट ५००० मालिकेत सिस्कोने मल्टिलेयर स्विचिंग याच नावाने एक युक्ती आणली. कुठल्याही संभाषणाचं पहिलं पॅकेट राउटरकडे जायचं, राउटर वाट दाखवायचा, स्विच ती नोंदवून ठेवायचा आणि मागची पॅकेटं परस्पर सोडायचा. एकदा राउट करा, मग नुसतं स्विच करत राहा.

युक्ती चांगली होती, पण तिच्या पोटात खोट होती. तक्ता भरायचा तर वाहतूक आधी यावी लागायची, आणि प्रत्येक नवं संभाषण म्हणजे प्रोसेसरवर नवा बोजा. २००१ साली कोड रेड हा किडा पसरला तेव्हा संसर्ग झालेली यंत्रं भराभर नवनवे पत्ते धुंडाळू लागली. प्रत्येक पत्ता म्हणजे नवी नोंद, त्यामुळे या पद्धतीची उपकरणं धापा टाकू लागली. सिस्को एक्सप्रेस फॉरवर्डिंग, म्हणजे आपण ज्याला सेफ म्हणतो, त्यात हे उलटं होतं. राउटिंग प्रोटोकॉलकडून रूट कळला की लगेच तो फिबमध्ये उतरवला जातो, पॅकेट येवो न येवो. आजचे बहुतेक सगळे मल्टिलेयर स्विच, कुठल्याही कंपनीचे असोत, याच विचाराचे आहेत. जुन्या पुस्तकांत पहिल्या पॅकेटची जी आकृती दिसते ती इतिहास म्हणून वाचा. अजूनही काही जण मुलाखतीत तीच सांगतात आणि समोरचा भुवया उंचावतो.

तक्ता भरला तर?

मॅक तक्त्यात तंतोतंत जुळणी चालते, कारण ४८ बिटांचा पत्ता एक तर तोच असतो किंवा नसतो. रूट आणि एसीएल यांचं तसं नाही. पहिले २४ बिट जुळावेत, पुढचे काहीही असोत, असा प्रश्न तिथे असतो. त्यासाठी टीकॅम नावाची स्मृती वापरतात, जिच्यात शून्य आणि एक यांच्या जोडीला ‘काहीही चालेल’ अशी तिसरी अवस्था असते. सगळ्या नोंदी एकाच फटक्यात तपासल्या जातात. ती वेगवान आहे, पण महाग, वीजखाऊ आणि मोजकी. आजच्या चिपांत रूटसाठी इतर युक्त्याही असतात, एसीएलसाठी मात्र टीकॅमवाचून अजून सहसा भागत नाही.

मोजकी म्हणजे किती, हे विकत घेण्याआधी विचारायचं असतं. शिकण्यासाठी अजूनही हाताळला जाणारा जुना कॅटॅलिस्ट ३७५० घ्या. त्याच्यावर एसडीएम टेम्प्लेट नावाचा प्रकार आहे. डिफॉल्ट टेम्प्लेटमध्ये ६ हजार मॅक पत्ते आणि ८ हजार रूट बसतात, त्यांतले थेट न जोडलेले २ हजारच. राउटिंग टेम्प्लेट लावलं तर रूट ११ हजार होतात आणि मॅक ३ हजारांवर येतात. व्हीलॅन टेम्प्लेट लावलं तर मॅक १२ हजार आणि हार्डवेअरमध्ये रूट शून्य. जागा तीच, वाटणी वेगळी. आणि वाटणी बदलायची तर स्विच रीलोड करावा लागतो, म्हणजे दिवसाढवळ्या होणारं काम नव्हे.

१२ ऑगस्ट २०१४ रोजी ही वाटणी जगाला दिसली. त्या दिवशी इंटरनेटच्या एकूण रूटची संख्या ५१२ हजारांच्या उंबरठ्यावर गेली. कॅटॅलिस्ट ६५०० स्विच आणि सिस्को ७६०० राउटर या मालिकांच्या काही कार्डांवर आयपीव्ही४ साठी तेवढीच जागा राखून ठेवलेली होती. उरलेले रूट हार्डवेअरमध्ये मावेनात. ठिकठिकाणच्या सेवा अडखळल्या. सिस्कोने आधी सूचना दिली होती आणि इलाजही सांगितला होता: वाटणी बदला, रीलोड करा. ज्यांनी वाचलं नाही त्यांना ते काम गर्दीच्या वेळी करावं लागलं. तेव्हा शो एसडीएम प्रेफर किंवा तुमच्या स्विचवर त्याची जी बरोबरीची आज्ञा असेल ती एकदा देऊन वाटणी बघा आणि त्यातली किती जागा भरली आहे तेही शोधून लिहून ठेवा. नवीन एसीएलच्या शे-दोनशे ओळी घालण्याआधी तर नक्कीच.

हातात काम घेतल्यावर

मल्टिलेयर स्विचवर लेयर थ्री इंटरफेस दोन प्रकारे बनतो. एक एसव्हीआय, जो आपण वर पाहिला. दुसरा म्हणजे नो स्विचपोर्ट देऊन सरळ पोर्टलाच आयपी पत्ता देणं. दोन स्विचमधल्या जोडणीला दुसरा चांगला, कारण तिथे व्हीलॅन नाही, स्पॅनिंग ट्री नाही, केबल तुटली की लगेच कळतं. जिथे अनेक पोर्टांवर एकाच नेटवर्कची माणसं बसली आहेत तिथे एसव्हीआय. एसव्हीआय डाउन दिसला तर घाबरू नका. तो व्हीलॅन बनवलेलाच नसतो, किंवा त्यातला एकही पोर्ट चालू नसतो, किंवा ट्रंकवर तो व्हीलॅन परवानगीच्या यादीत घालायचा राहिलेला असतो. शो व्हीलॅन ब्रीफ आणि शो इंटरफेसेस ट्रंक, दोन मिनिटांचं काम.

बऱ्याच कॅटॅलिस्ट मॉडेलांवर आयपी राउटिंग मुळात बंद असतं. एसव्हीआय बनवले, दोन्ही गेटवेंना पिंग लागतो, पण व्हीलॅन १० मधून २० मध्ये काही जात नाही, अशी तक्रार आली की हीच आज्ञा राहिलेली असते. आता ती देताना सांभाळा. आयपी राउटिंग चालू केलं की आयपी डिफॉल्ट-गेटवे ही जुनी ओळ निकामी होते. तुम्ही दूरच्या नेटवर्कातून एसएसएचने आत शिरला असाल तर परतीचा रस्ता गेला, सत्र लटकलं, आणि स्लाऊच्या रॅकपाशी कोणाला तरी कन्सोल केबल घेऊन पाठवणं आलं. म्हणून आधी डिफॉल्ट रूटची ओळ तयार ठेवा, दोन्ही आज्ञा एकत्र चिकटवा, आणि त्याही आधी रीलोड इन १० द्या. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगरेशनवर परत उठेल. सगळं जमलं तर रीलोड कॅन्सल करायला मात्र विसरू नका.

आता एक दुखणं जरा सविस्तर, कारण ते ओळखता आलं की तक्त्यांचा विषय पुरता डोक्यात बसतो. दोन मल्टिलेयर स्विच, एकमेकांना आधार म्हणून. व्हीलॅन १० चा गेटवे पहिल्या स्विचवर सक्रिय, व्हीलॅन २० चा दुसऱ्यावर, भार वाटला जावा म्हणून. कागदावर सुरेख. व्हीलॅन १० मधला सर्व्हर व्हीलॅन २० मधल्या यंत्राला काही पाठवतो, ते पहिल्या स्विचवरून राउट होतं. उत्तर परत येतं ते दुसऱ्यावरून. म्हणजे दुसऱ्या स्विचला सर्व्हरकडून थेट अशी फ्रेम जवळजवळ कधीच दिसत नाही. सिस्कोवर मॅक तक्त्यातली नोंद ३०० सेकंद शांत राहिली की पुसली जाते. आर्पची नोंद मात्र १४,४०० सेकंद टिकते, म्हणजे चार तास. पाच मिनिटांनंतर दुसऱ्या स्विचची अवस्था अशी होते की सर्व्हरचा मॅक पत्ता आर्पमधून माहीत आहे, पण तो कुठल्या पोर्टवर आहे हे मॅक तक्त्यात नाही. पोर्ट माहीत नसेल तर लेयर टूचा धर्म काय? सगळ्या पोर्टांवर सोडून द्या. बॅकअपची गिगाबाइटच्या गिगाबाइट वाहतूक त्या व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर ओतली जाते. लोक म्हणतात नेटवर्क स्लो आहे. पिंग केला तर लागतो. आर्प बघितला तर जागेवर. रूट जागेवर. फक्त मॅक तक्ता उघडणाऱ्याला तो रिकामा खण दिसतो. इलाज अगदी किरकोळ: आर्पची मुदत मॅकच्या मुदतीपेक्षा कमी करा, किंवा मॅकची वाढवून आर्पइतकी करा.

स्विचलाच पिंग करून स्विचचा वेग मोजणारे बरेच भेटतात. तसं करू नका. स्विचमधून जाणारं पॅकेट चिप हाताळते, स्विचसाठी आलेलं पॅकेट प्रोसेसर हाताळतो, आणि प्रोसेसरच्या दारात मुद्दाम रांग लावलेली असते. पिंगला २० मिलिसेकंद लागले म्हणून पलीकडच्या सर्व्हरला तेवढेच लागतात असं नाही. ट्रेसराउटमध्ये मधल्याच मुक्कामाला चांदण्या दिसल्या आणि पुढचे मुक्काम नीट दिसले, तर मधला स्विच बिघडलेला नाही, तो फक्त उत्तर द्यायला राजी नाही. उलट स्विचचा प्रोसेसर अचानक ९० टक्क्यांवर गेला तर विचारायचा प्रश्न असा: चिपने सोडवायची पॅकेटं वर का येताहेत? बहुतेक वेळा टीकॅम भरलेली असते, कोणीतरी एसीएलला लॉगिंग लावलेलं असतं, किंवा टीटीएल संपणाऱ्या पॅकेटांचं चक्र म्हणजे राउटिंगचा लूप असतो.

लेयर फोरचं नाव जाहिरातीत फार मिरवतं. कामापुरतं सांगायचं तर स्विच टीसीपी-यूडीपीचे पोर्ट नंबर दोन ठिकाणी वाचतो, एसीएलमध्ये आणि समान किमतीच्या अनेक वाटांतून एक निवडताना. ही निवड हॅशने होते. एका संभाषणाला नेहमी एकच वाट. त्यामुळे चार लिंकांपैकी एक आजारी असली तर साधारण चारातलं एक कनेक्शन बिघडतं, बाकीची छान चालतात, आणि तुमचा पिंग नेमका चांगल्या लिंकवरून जाऊन सगळं ठीक असल्याचा निर्वाळा देतो. सिस्कोवर शो आयपी सेफ एक्झॅक्ट-रूट दोन्ही पत्त्यांसह दिलं की त्या जोडीची वाट दिसते. आणि एसीएलला फायरवॉल समजू नका. तिला संभाषणाची आठवण नसते, प्रत्येक पॅकेट तिला नवं. पाहुण्यांचं वायफाय आणि कॅमेरे यांचा गेटवे फायरवॉलवरच ठेवावा, रोजच्या सर्व्हर आणि डेस्कटॉपचा स्विचवर, असं माझं मत आहे. वीस-पंचवीस यंत्रांच्या ऑफिसला तर मल्टिलेयर स्विच घ्यायचीच गरज नाही. तिथे फायरवॉलने सगळं राउट केलं तरी निभतं.

स्लाऊची आपली तऱ्हा

इथे दोन गोष्टी वेगळ्या भेटतील. पहिली म्हणजे शेअर बाजार. सीबो युरोपसारखं मोठं ट्रेडिंग केंद्र इक्विनिक्सच्या एलडी४ मध्ये आहे, त्यामुळे दलाल कंपन्यांचे रॅकही शेजारीच. काचतंतूतून प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे लंडन सिटीतून ऑर्डर पाठवणारा दीडशेहून जास्त मायक्रोसेकंद आधीच मागे पडला. वेगाची ही हाव स्लाऊला नवी नाही. १ जानेवारी १८४५ रोजी स्लाऊजवळ खून करून रेल्वेने पळालेल्या जॉन टॉवेलचं वर्णन इथल्या स्टेशनातून तारेने पॅडिंग्टनला पोचलं ते गाडीच्या आधी, आणि तो पकडला गेला. तो क्वेकर पंथीयासारखा पोशाख केलेला होता आणि त्या यंत्रात क्यू अक्षराची सोय नव्हती, म्हणून तारवाल्याने स्पेलिंग केडब्ल्यूने सुरू करून भागवलं.

या दलाल कंपन्यांचे स्विच फ्रेम पूर्ण यायची वाट न बघता पत्ता वाचताच पुढे सोडतात. सिस्कोच्या नेक्सस ३५४८ ने २०१२ मध्ये २५० नॅनोसेकंदांची मजल मारली आणि वॉर्प मोडमध्ये १९० ची. तो वाचलेला वेळ आला कुठून? तक्ते लहान करून. पण या पद्धतीत एक मेख आहे. फ्रेम खराब आहे हे तिच्या शेपटीतल्या चेकसमवरून कळतं, तोवर ती पुढे गेलेली असते. सीआरसी एरर मग दोन स्विच पलीकडच्या पोर्टवर मोजल्या जातात आणि तिथली चांगली केबल बदलली जाते. चोर सोडून संन्याशाला सुळी. एरर दिसल्या की उगमाकडे एकेक मुक्काम मागे चालत जा.

शेअरचे भाव मल्टिकास्टने येतात आणि तिथे आयजीएमपी स्नूपिंगचा आणखी एक तक्ता असतो: कुठल्या पोर्टला कुठला ग्रुप हवा. हा तक्ता ताजा राहायला कोणीतरी ठरावीक वेळाने ‘कोणाला काय हवं’ असं विचारत राहावं लागतं. ते काम सहसा पिम हा मल्टिकास्ट राउटिंगचा प्रोटोकॉल चालू असलेला एसव्हीआय करतो. कोणी गेटवे फायरवॉलवर हलवला आणि विचारणारा, म्हणजे क्वेरियर, नाहीसा झाला की भाव चार-सव्वाचार मिनिटं नीट येतात आणि बंद पडतात, कारण सदस्यत्वाची मुदत डिफॉल्टने २६० सेकंदांची असते. ‘चार मिनिटांनी बंद पडतं’ असं तिकिटात वाचलंत तर दुसरीकडे शोधू नका, क्वेरियर लावा.

दुसरी गोष्ट लिंक्सची, म्हणजे लंडन इंटरनेट एक्स्चेंजची. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या एक्स्चेंजची जाळी स्लाऊपर्यंत आलेली आहे. इंटरनेटच्या एवढ्या मोठ्या चौकात राउटिंग होत असेल असं वाटतं, पण सदस्यांना तिथे मिळतो तो एक विशाल लेयर टू. राउटिंग ज्याच्या-त्याच्या राउटरवर. आणि गंमत म्हणजे त्या लेयर टूच्या पोटात, निदान एलओएन२ या जाळीत, पुन्हा लेयर थ्रीच आहे: २०१८ पासून ती ईव्हीपीएन आणि व्हीएक्सलॅनवर चालते, म्हणजे लेयर टूच्या फ्रेम आयपी पॅकेटांत गुंडाळून नेते. मोठ्या डेटा सेंटरांतही आता हीच रचना. व्हीलॅनचा क्रमांक १२ बिटांचा, म्हणून ४,०९४ च्या पुढे जाता येत नाही. व्हीएक्सलॅनचा २४ बिटांचा, म्हणजे दीड कोटींहून जास्त. प्रत्येक लीफ स्विच मल्टिलेयर, प्रत्येकावर तोच गेटवे पत्ता. दिसायला नवं आहे, पण पॅकेट अडलं की प्रश्न जुनाच, फक्त तक्ते दोन वाढले.

शिकायचं कसं, तर सीसीएनएपुरतं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर पुरतं. त्यात मल्टिलेयर स्विच आहेत आणि ते फुकट मिळतं. सीसीएनपीच्या एनकोर परीक्षेच्या अभ्यासक्रमात सेफ, कॅम (म्हणजे मॅक तक्ता), टीकॅम, फिब ही नावं स्पष्ट दिलेली आहेत, पण पॅकेट ट्रेसरमध्ये खरी चिप नसल्यामुळे टीकॅम भरलेली तिथे कधी दिसणार नाही. त्यासाठी एखादा जुना ३७५० विकत घ्या, त्याच्यावर दोन व्हीलॅन करा, लॅपटॉपवर वायरशार्क लावा आणि वरच्या पॅकेटचा टीटीएल ६४ वरून ६३ झालेला स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग आर्पची नोंद हाताने पुसा, चुकीची घाला, मॅकची मुदत कमी करा, आणि दर वेळी कुठला तक्ता बदलला ते लिहून ठेवा. फक्त तो स्विच झोपायच्या खोलीत ठेवू नका. इथली घरं लहान असतात आणि त्या पंख्यांचा आवाज शेजाऱ्यांपर्यंत जातो.